गळ्यापर्यंत भरलेली बाटली

१

बाटलीत पाणी होतं.

औषधवाल्यानं काचेचं बूच फिरवून काढलं, सवयीप्रमाणे बाटली हातभर लांब धरली, मग जवळ आणली, मग सरळ नाकपुडीलाच लावली. डोळे चुरचुरले नाहीत, डोकं झटक्यानं मागे गेलं नाही. नुकत्या धुतलेल्या पेल्याला येतो तेवढाच वास. सोमवारी हीच बाटली त्यानं स्वतःच्या हातानं अमोनियाच्या कडक पाण्यानं भरून दिली होती. झोपलेला बैल उठून चालू लागेल असा त्याचा दर्प.

"काय म्हणता?" मॅनेजरनं टेबलापलीकडून विचारलं. "पाणीच ना?"

"पाणीच."

"मग प्रश्न सोपा आहे. एक तर सोमवारी तुम्हीच आम्हाला पाणी दिलंत, नाही तर तुमच्या बहिणीनं नंतर भरलं. तिसरं काही मला दिसत नाही. तुम्हाला दिसतंय का?"

औषधवाल्यानं बाटली टेबलावर ठेवली. कपडे शिवायच्या या कारखान्यात गुरुवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी एक मुलगी मशीनवरून कोसळली. वय बावीस. हसली की खुळखुळा वाजवल्यासारखी हसायची, म्हणून तिला सगळे खुळखुळी म्हणायचे. इथे कुणी बेशुद्ध पडलं की वासमावशीला हाक जाते. वासमावशी म्हणजे औषधवाल्याची थोरली बहीण. बारा वर्षं ती इथे शिवलेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापते, आणि कुणी पडलं की कपाटातून बाटली काढून त्याच्या नाकाशी धरते. गुरुवारी तिनं बाटली तीनदा धरली. खुळखुळी उठली नाही. अर्ध्या तासानं दवाखान्याची गाडी आली, आणि त्या गाडीतच ती गेली.

"डॉक्टर म्हणतात उष्माघात," मॅनेजर म्हणाला. "मी म्हणतो, औषध होतं का नव्हतं? होतं. आम्ही पुरवलं होतं का? पुरवलं होतं. ते वेळेला पाणी निघालं तर कारखान्याचा काय दोष? येत्या सोमवारी अकरा वाजता तपास अधिकाऱ्यांसमोर तुम्ही लिहून द्यायचं, बाटली कशी होती ते. बहीण वाचवायची की दुकान, तुम्ही ठरवा. मी मध्ये पडत नाही."

मध्ये पडत नाही म्हणणारी माणसं कुठे बसलेली असतात ते औषधवाल्याला चांगलं ठाऊक होतं. पंख्याखाली.

बूच परत लावताना त्याचा हात थांबला. पाणी गळ्यापर्यंत होतं, बुचाला टेकलेलं. तो कधीच इतकी भरायचा नाही. अमोनिया उन्हात फुगतो, बूच उडवतो. म्हणून पाऊण भरायची आणि वर जागा सोडायची, हे त्याच्या बापानं शिकवलं होतं. वास उडून गेला असता तर पातळी खाली गेली असती. इथे ती वर आली होती. म्हणजे कुणीतरी बाटली रिकामी केली, आणि काम नीट व्हावं म्हणून काठोकाठ भरली.

"कपाट फोडलेलं नाही ना?" त्यानं विचारलं.

"ओरखडासुद्धा नाही," मॅनेजर म्हणाला. "किल्ली एकच. तुमच्या बहिणीच्या कमरेला."

२

ताई घरी ओट्यापाशी उभी होती. हातात काही नव्हतं, ओट्यावर काही नव्हतं. तिला रिकाम्या हातांनी उभं राहिलेलं त्यानं आयुष्यात बघितलं नव्हतं.

"बस ना जरा," तो म्हणाला.

"बसले की डोळ्यापुढे येतं."

तो स्वतः बसला. "मला एकदा सांग. पहिल्यापासून."

"किती जणांना सांगू? हाक आली, मी कपाट उघडलं, धावले. ती आडवी पडलेली. बाटली लावली. एकदा, दोनदा, तीनदा. नाही उठली."

"तू पोचलीस तेव्हा तिच्याजवळ कोण होतं?"

ताईनं जरा वेळ घेतला. "कोणी नाही. सगळ्या आपापल्या मशीनवर."

औषधवाल्यानं मान वर केली. दर महिन्याला नवी बाटली द्यायला जायचा तेव्हा ताई त्याला गोष्टी सांगायची. कुणी पडलं की मी पोचायच्या आत पोरी कॉलरचं बटण सोडतात, पाय कापडाच्या गठ्ठ्यावर चढवतात, एकजण पुठ्ठ्यानं वारा घालत असते. माझ्यासाठी कामच उरत नाही. हे ती कौतुकानं सांगायची.

"बटण सोडलं होतं?"

"नव्हतं."

"वारा?"

"नाही म्हटलं ना."

दोनशे बायका. त्यांतली एक पडते, आणि एकही उठत नाही. त्यानं हे मनात ठेवलं.

"बेशुद्ध पडलेल्यांच्या रजिस्टरात गुरुवारी लिहिलं का?"

ताई हसली. ते हसणं बघवत नव्हतं. "हो. रजिस्टर आल्यापासून सहा वर्षांत पहिल्यांदा. पहिली ओळ तिची."

"सहा वर्षांत कुणी बेशुद्ध पडलंच नाही?"

"तुला कधी विचारावंसं वाटलं नाही ना, दर महिन्याला बाटली का लागते ते? अरे, उन्हाळ्यात दिवसाला दोघी-तिघी पडतात. पण त्यांचा नियम आहे. बाटलीनं डोळे उघडले तर ती बेशुद्ध नव्हती, तिला चक्कर आली होती. चक्कर लिहीत नाहीत. दहा मिनिटं स्टुलावर बसायचं आणि मशीनवर जायचं. तीनदा लावूनही उठली नाही, तरच डॉक्टर, तरच गाडी, तरच रजिस्टर. आणि रजिस्टरात आली की वर कळवावं लागतं, मग माणसं येतात, खिडक्या का बंद म्हणून विचारतात. तुझ्या बाटलीपुढे कोण तीनदा पडून राहणार? मेलेलं उठेल."

शेवटचं वाक्य निसटलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

औषधवाल्याला स्वतःचीच बाटली आठवली. दुकानात येणाऱ्याला तो सांगायचा, माझ्या बाटलीनं कारखान्यातल्या इतक्या जणी उठल्या. मोठ्या अभिमानानं. त्या उठल्या होत्या आणि कागदावरून पुसल्या गेल्या होत्या. पुसायचं फडकं त्यानंच पुरवलं होतं.

"ताई, किल्ली कुणाला दिली होतीस?"

"कुणाला नाही."

"मग पाणी कसं आलं?"

"मला नाही माहीत. तू लिहून दे, बाटली चांगली होती म्हणून. होतीच चांगली. बुधवारी दुपारी इस्त्रीवाली एकाच हुंगण्यात उठून शिव्या देत बसली."

"तसं लिहिलं तर सगळं तुझ्यावर येतं. कळतंय का तुला?"

"कळतंय. येऊ दे माझ्यावर."

निर्दोष माणूस आधी स्वतःला वाचवायला बघतो. त्याची बहीण त्याच्याकडे स्वतःलाच अडकवायची परवानगी मागत होती.

३

शनिवारी दुपारी कारखाना चालू होता. बाई मेली म्हणून मशीन थांबत नाही. सुपरवायझरनं त्याला आत नेलं. याच्या गळ्यात सतत शिट्टी, म्हणून त्याचं नावही शिट्टीच पडलेलं.

दारातून आत पाऊल टाकताच औषधवाल्याचा श्वास अडकला. छताला पत्रा, पत्र्याखाली दोनशे मशीन, एका टोकाला वाफेच्या इस्त्र्या. खिडक्यांना खिळे ठोकलेले, पांढऱ्या कापडावर धूळ बसू नये म्हणून. भिंतीत वरती हवा ओढणारा मोठा पंखा होता. त्याच्या पात्यांवर कोळ्याचं जाळं होतं.

"हा कधीपासून बंद आहे?"

"मला काय विचारता? मी शिट्टी वाजवतो, पंखा नाही."

खुळखुळीचं मशीन रांगेच्या टोकाला होतं. दोन दिवसांत तिथे कुणाला बसवलं नव्हतं, बसायला कुणी तयारच नव्हतं. औषधवाला खाली उकिडवा बसला. मशीनच्या उजव्या हाताला माणूस आडवा होईल एवढी जागा रिकामी होती. इतर कुठल्याही मशीनजवळ हात ठेवायला जागा नाही. सगळीकडे कापड, खोकी, स्टुलं. इथे मात्र स्टूल भिंतीला सरकवलेलं, कात्री वर खिळ्याला अडकवलेली, आणि जमिनीवर कापलेल्या कापडाचा एक मऊ गठ्ठा, उशीसारखा चपटा केलेला.

"इथे पडली का ती?"

"नाही हो. डाव्या बाजूला. त्या लोखंडी टेबलाच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं. ही बघा खूण."

औषधवाल्यानं खूण बघितली, मग गठ्ठा बघितला. गठ्ठ्यावर कुणी डोकं ठेवल्याची घडीसुद्धा नव्हती.

"तुम्ही लगेच डॉक्टरला का नाही बोलावलं?"

शिट्टीनं गळ्यातली दोरी बोटाला गुंडाळली. "मला वाटलं, सोंग करतेय. ती सगळ्यांच्या नकला करायची. माझीसुद्धा. अशी चालायची, पोट पुढे काढून, आणि तोंडानं शिट्टी वाजवायची. दोनदा तर मीच फसलो, कुठल्या रांगेत शिट्टी वाजली म्हणून शोधत फिरलो. आणि चार वाजता माल घेणाऱ्यांची माणसं बघायला येणार होती. अशा दिवशी कुणी पडलं तर माझी नोकरी जाते. मी म्हटलं, मशीन चालू ठेवा, उठेल आपली आपण. बाकीच्या तरी कुठे हलल्या? तिच्या शेजारची काजवाली तर तिच्याकडे बघून म्हणाली, अगं, अजून वेळ आहे."

"कसली वेळ?"

"चहाची असेल. मी कशाला विचारू?"

चहा तर अडीचलाच होऊन गेला होता. घंटेचं वेळापत्रक दारावरच लावलेलं होतं. औषधवाल्यानं ते येतानाच वाचलं होतं.

मशीनच्या पायाशी तिची पाण्याची बाटली अजून तशीच होती, प्लॅस्टिकची, झाकणाला लाल दोरा बांधलेली. त्यानं उचलली. जड होती. सकाळी आठला भरलेली बाटली तीन वाजेपर्यंत कुणी तोंडाला लावली नव्हती. या भट्टीत.

आता एकच गोष्ट राहिली होती. एवढा अमोनिया ओतला कुठे? या हॉलमध्ये चमचाभर सांडला असता तरी दोनशे जणी खोकत बाहेर पळाल्या असत्या. ज्या खोलीला उघडी खिडकी आहे अशीच जागा हवी.

"इथे खिळे न ठोकलेली खिडकी कुठे आहे?"

"बायकांच्या मोरीत. तिथे तरी कसे ठोकणार?"

शिट्टीनं मोरी दोन मिनिटं रिकामी करवली. औषधवाला आत गेला. तीन बेसिनं. पहिल्या दोन बेसिनांच्या तळाची पितळी जाळी मळकट पिवळी होती. तिसरीची जाळी गडद निळी पडली होती, शाई सांडल्यासारखी. पितळेवर अमोनिया गेला की पितळ असंच निळं होतं. त्याच्या दुकानातल्या जुन्या तराजूचं पारडं असंच वाया गेलं होतं.

मॅनेजर इथे येत नाही. शिट्टी येत नाही. बाटली इथल्याच एका बाईनं रिकामी केली होती. आणि औषधवाल्याला आता हेही दिसायला लागलं होतं, की ती एकटी नसणार.

४

काजवाली सुट्टी झाल्यावर फाटकाबाहेरच्या कठड्यावर पाय सोडून बसली होती. चाळिशीची, रुंद हाडाची, बोटांच्या टोकांना घट्टे. शर्टाला काजं करायची. त्याला येताना बघून ती उठली नाही.

"या औषधवाले. तुमचं नाक फार चालतं म्हणे."

"तुमचं तोंडही चालतं असं ऐकलं. गुरुवारी म्हणालात, अजून वेळ आहे."

तिचे पाय हलायचे थांबले.

"मी सांगतो, चुकलं तर थांबवा," तो तिच्या शेजारी बसत म्हणाला. "ती चार वाजता पडणार होती. पाहुण्यांसमोर. उजव्या बाजूला जागा केली होती, उशी ठेवली होती, कात्री वर टांगली होती. कुणी बटण सोडायचं नाही, वारा घालायचा नाही, जवळ जायचं नाही, म्हणजे शिट्टी घाबरेल आणि डॉक्टर बोलवेल. पण माझ्या बाटलीपुढे खोटं पडून राहता येत नाही. जिवंत शुद्धीतला माणूस खोकणारच, डोळ्यांतून पाणी येणारच. म्हणून बाटलीत पाणी भरलंत. तीनदा हुंगून उठली नाही म्हणजे रजिस्टरात पहिली ओळ."

काजवालीनं बोटांचे घट्टे एकमेकांवर चोळले. "तिला सोडून आम्ही पाच जणी होतो," ती म्हणाली. "तिलाच का निवडलं विचारा ना."

"नकला करायची म्हणून."

"कसल्या नकला. पहिले चार दिवस मोरीत सराव केला, तर दर वेळी हसत सुटायची. आम्ही म्हणायचो, अगं भवाने, मेलीस तरी हसशील तू." तिनं ओठ चावला. "बुधवारी जमलं तिला. आम्ही चिमटे काढले, कानात फुंकलं, एकीनं तळव्याला गुदगुल्या केल्या. हलली नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या तिच्यासाठी. मग मला सांगा, दुसऱ्या दिवशी ती पडली आणि हलली नाही, तर आम्ही काय समजायचं?"

"तासभर आधी पडली."

"वाटलं, घाई केली पोरीनं. अजून वेळ आहे म्हटलं मी. मला वाटलं ऐकून ती मनातल्या मनात हसत असेल."

"आणि डाव्या बाजूला पडली. कपाळ फुटलं."

"ते टेबलाच्या आड होतं हो. माझ्या मशीनवरून तिचे पायच दिसत होते."

"पाणी का प्यायली नव्हती ती?"

आता काजवालीचा आवाज खाली गेला. "ओठ सुकलेले दिसावेत म्हणून. तिचंच डोकं. म्हणाली, डॉक्टर येणार, तोंड बघणार, खरं वाटलं पाहिजे. सकाळपासून थेंब घेतला नाही. मी म्हटलं घोटभर घे, तर म्हणाली, काकू, काम करायचं तर चोख."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. सुट्टी झालेल्या बायका घोळक्यानं पुढे जात होत्या, त्यांतल्या चौघी काजवालीकडे बघून न थांबता गेल्या. औषधवाल्यानं त्या मोजल्या आणि बघितलंच नाही असं केलं.

"माझ्या बहिणीला यातलं काही माहीत नव्हतं ना?"

"छे हो," काजवाली झटकन म्हणाली. "मावशी जेवायला बसल्या होत्या, आम्ही किल्ली काढून घेतली, काम केलं, परत खोचली. त्यांना पत्ताही नाही. त्या देवमाणूस."

"हे कधी केलंत? गुरुवारी दुपारी?"

"गुरुवारी नाही, तेव्हा मोरीत गर्दी असते. बुधवारी. संध्याकाळी सुटायच्या आधी."

बोलून गेल्यावर तिच्याच लक्षात आलं. जेवायला बसलेल्या बाईची किल्ली संध्याकाळी कशी निघाली? पण औषधवाल्याचा विचार तिथे थांबलाच नव्हता. त्याच्या डोक्यात बुधवार संध्याकाळ आणि गुरुवार दुपार यांच्यामध्ये एक सकाळ उभी राहिली होती. त्या सकाळकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

५

"ताई, तू रोज सकाळी बूच काढून बघतेस."

रविवार होता. ताईनं त्याला चहा दिला होता आणि स्वतः घेतला नव्हता.

"हातभर लांबून एकदा हुंगायचं, मगच कामाला लागायचं. मीच शिकवलंय तुला. बारा वर्षांत एक दिवस चुकवला नाहीस. तुला सर्दी झाली होती तेव्हासुद्धा, वास नाही तरी डोळे चुरचुरतात का ते बघितलंस. बुधवारी संध्याकाळी बाटलीत पाणी गेलं. गुरुवारी सकाळी तू हुंगलंस."

ताईनं त्याच्या कपाखालची बशी सरळ केली.

"सांग ना, की त्या दिवशी विसरलीस. मी मानतो."

"नाही विसरले," ती म्हणाली. "किल्लीही मीच दिली. काजवालीनं मागितली, कशाला ते सांगितलं, मी कमरेची काढून हातात ठेवली. सकाळी हुंगलं. पाणी होतं. बूच लावलं आणि कपाट बंद केलं."

"का, ताई?"

"बारा वर्षं मी त्यांना उठवतेय. गार पडलेल्या पोरींना नाकात आग लावून उठवायचं आणि मशीनवर पाठवायचं. एक तर पोटुशी होती, तिला एका दिवसात तीनदा उठवली मी. तीनदा. कुणी मला जल्लाद म्हटलं नाही, मावशी म्हणतात. एकदा तरी मला कुणाला तरी झोपू द्यायचं होतं."

औषधवाल्यानं कप खाली ठेवला.

"तू तिच्याजवळ वाकलीस. तुला तरी कळलं नाही?"

"अंग तापलं होतं. पण तिथे सगळ्यांचंच तापतं. श्वास जोरात चालला होता. मला वाटलं भीतीनं, शिट्टी जवळ उभा होता ना. मी बाटली लावली. तिची पापणीसुद्धा हलली नाही. मला इतकं कौतुक वाटलं रे तिचं. मी कानाशी वाकले आणि म्हटलं, छान जमलंय, हलू नकोस."

औषधवाल्याला जे माहीत होतं ते शेवटी त्यानं सांगितलं, कारण त्याच्याजवळ द्यायला तेवढंच होतं.

"बाटली चांगली असती तरी ती उठली नसती. असल्या उन्हाच्या मारापुढे वासाचं काही चालत नाही. या बाटलीनं कुणी वाचत नाही, ताई. वाचतं ते गार पाण्यानं, उघड्या खिडकीनं, डॉक्टरनं. मॅनेजर खोटं बोलतोय."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "पण चांगली असती तर ती उठली नाही यावरून हे सोंग नाही ते आम्हाला कळलं असतं. पहिल्याच मिनिटाला. दोनशे बायकांनी तिला उचलून नळाखाली धरली असती."

त्यानं रात्रभर मांडून बघितलेलं पुन्हा मांडलं. बाटली वाईट होती असं लिहिलं तर तो खोटा पडणार. बुधवारची इस्त्रीवाली जिवंत साक्ष होती. खरं सगळं लिहिलं तर पाच जणी कटात, आणि मॅनेजरला आयतं मिळणार: बघा, नाटक होतं, कारखान्यात कुणी बेशुद्ध पडतच नाही. बाटली चांगली होती एवढंच लिहिलं तर ताई.

"एकीचं पोर अजून अंगावर पितं," ताई म्हणाली. "काजवालीचा नवरा अंथरुणाला खिळलाय. माझं कोण आहे? तू आहेस, तुझं दुकान आहे. माझं नाव जाऊ दे पुढे."

"तू नाही मारलंस तिला."

"मग कुणी मारलं ते लिही. लिहून बघ, घेतात का."

६

त्यानं लिहिलं. सोमवारी अकरा वाजता तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर त्यानं दोन पानं ठेवली. बाटली आधीच्या सोमवारी कडक अमोनियानं पाऊण भरून दिली होती. अशा बाटलीनं उष्माघात बरा होत नाही, कधीच होत नव्हता. खिडक्यांना खिळे आहेत, वरचा पंखा बंद आहे. सहा वर्षांत शेकडो बायका पडल्या आणि एकही लिहिली गेली नाही. पाच जणींबद्दल त्यानं अक्षर लिहिलं नव्हतं.

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं दोन्ही पानं नीट वाचली, चष्मा काढून डोळे चोळले.

"पंखा चालू आहे," तो म्हणाला. "मी आज सकाळीच बघून आलो."

"आज सकाळी चालू असेल."

"खिडक्याही उघड्या होत्या. खिळे नव्हते."

"खिळ्यांची भोकं होती का?"

अधिकाऱ्यानं त्याच्याकडे बघितलं, मग दाराबाहेर उभ्या मॅनेजरच्या सावलीकडे बघितलं. "हे बघा, तुम्हाला एकच विचारलंय. बाटली चांगली होती की नव्हती. बाकीचं विचारलेलं नाही, त्यामुळे ते मला घेता येत नाही." त्यानं एक कोरा कागद पुढे केला. "एवढंच लिहा, आणि खाली सही."

औषधवाला पेन हातात घेऊन बसला. त्याला उठून जाता आलं असतं. मग दुकान बंद झालं असतं, आणि ताईचं काहीच बदललं नसतं. किल्ली तिच्या कमरेला होती हे तिनं स्वतःच आधी सांगून टाकलं होतं. त्यानं एक ओळ लिहिली. बाटली देताना चांगली होती. खाली सही केली. ती ओळ खरी होती, आणि त्यानं आयुष्यात इतकं खोटं काही लिहिलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात बाकावर ताई बसली होती. तिच्या शेजारी एक बाई होती, मांडीवर कापडी पिशवी घेतलेली. पिशवीत कपडे, चप्पल, आणि वर कानातल्यांची पुडी. खुळखुळीची आई. तिला पोरीच्या वस्तू घ्यायला बोलावलं होतं. औषधवाला दारातच थबकला.

"वासमावशी तुम्हीच ना?" आई विचारत होती. "ती घरी आली की रोज तुमचं सांगायची. तुमची नक्कलही करायची. बाटली कशी धरता ते." तिनं हात पुढे करून दाखवलं, आणि हात तसाच राहिला. "शेवटी तिच्याजवळ तुम्हीच होतात म्हणे."

"हो. मीच होते."

"म्हणजे एकटी नव्हती."

"नव्हती. मी कानाशी होते तिच्या."

"काही बोललात?"

ताईनं भावाकडे बघितलं नाही. तिनं समोर बघितलं आणि सांगितलं. "हलू नकोस म्हटलं."

आईनं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "बरं केलंत," ती म्हणाली. "ताप आला की मीही तेच म्हणायचे, पडून राहा, हलू नकोस. कधी ऐकलं नाही कार्टीनं. चळवळी फार." ती थांबली. "तुमचं ऐकलं का तिनं?"

आतून शिपायानं बाटलीवाल्या बाईला हाक दिली. औषधवाला एक पाऊल पुढे आला, आणि मग कुठे जायचं ते न कळून तिथेच उभा राहिला.

"ऐकलं," ताई म्हणाली, आणि आईच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेऊन आत गेली.